भोंगा थांबतो त्या दिवशी

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा साताऱ्याहून आमच्याकडे चिंचवडला आला होता. स्वारी सातवीत. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तिकडे नर्स आहे. ऐन दिवाळीत तिची ड्यूटी लागली, म्हणून त्याला माझ्याकडे धाडलं. साहजिकच साहेब घुश्शात! दोन दिवस बसमधून, रिक्षातून हिंडून झाल्यावर तोंड वाकडं करून म्हणतो कसा, "मावशी, तुमच्या गावात बघण्यासारखं आहे तरी काय गं? ना डोंगर, ना किल्ला. नुसत्या कंपन्या आणि कंपन्यांच्या लांबच लांब भिंती!"

किल्ला आहे बरं का! चाकणचा संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे तो पन्नासहून जास्त दिवस झुंजवला. पण भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दापोडीपासून निगडीपर्यंत आणि भोसरीपासून पार चाकणपर्यंत नजर टाकाल तिकडे कारखाने दिसतात. मी त्याला म्हटलं, "अरे, आमचं गाव नकाशात बघायचंच नसतं. ते कॅलेंडरात बघायचं!"

"कॅलेंडरात?"

"हो. ये, बस इथं. सांगते."

पाळीचं कॅलेंडर

माझं लहानपण गेलं ते १९८० नंतरच्या वर्षांत. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक कॅलेंडर टांगलेलं असे. सगळ्यांच्याच घरी कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, तसा आमच्याकडेही होता. पण त्या आकड्याशेजारी आई पेन्सिलीनं आणखी एक अक्षर लिहायची. 'प' म्हणजे पहिली पाळी, 'दु' म्हणजे दुसरी आणि 'रा' म्हणजे रात्रपाळी. बाबा एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट खात्यात होते. 'प'च्या आठवड्यात आम्ही साखरझोपेत असताना ते सायकल काढायचे. 'दु'च्या आठवड्यात आम्ही शाळेतून येईपर्यंत ते गेलेले असायचे. आणि 'रा'च्या आठवड्यात तर काय, दिवसभर घरात कुजबुजत बोलायचं. का? बाबा झोपलेत!

बरं, सुटीच्या दिवशी तरी भेट व्हावी ना? तीही नाही. शाळेला सुटी रविवारी आणि कारखान्याला गुरुवारी! यामागे एक साधं कारण होतं. सगळ्या कारखान्यांनी रविवारीच सुटी घेतली, तर त्या दिवशी वीज पडून राहणार आणि बाकीचे सहा दिवस अपुरी पडणार. म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुटीचे निरनिराळे वार वाटून दिले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. आजही भोसरी भागातले कितीतरी कारखाने गुरुवारीच बंद असतात.

आता सांगा पाहू, आमच्या घरातली चारही माणसं एका पंगतीला कधी बसत असतील? बरोबर! सणाच्या दिवशी. त्यामुळे डिसेंबरात नवं कॅलेंडर घरात आलं, की मी आणि दादा त्यातले लाल आकडे मोजायला बसायचो.

मोजता मोजता एक गंमत लक्षात आली. सगळे लाल आकडे एका जातीचे नसतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे खिळा ठोकल्यासारखे पक्के. संक्रांत सूर्याच्या हिशेबानं येते, म्हणून ती १४-१५ जानेवारीला सोडत नाही. पाडवा, गणपती, दसरा, दिवाळी हे चंद्राच्या तिथीनं येतात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे आपल्या वर्षापेक्षा ११ दिवसांनी तोकडं. ही तूट वाढू नये म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. त्यामुळे दिवाळी मागे-पुढे सरकते, पण थंडीच्या तोंडाशीच राहते. ईदच्या चांद्रवर्षात मात्र अधिक महिना नसतो. ती दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. बाबांच्या खात्यातले एक चाचा म्हणायचे, "आमचा रोजा भट्टीपुढे मे महिन्यातही झालाय आणि डिसेंबरातही!"

आधी दिंड्या, मग कारखाने

कारखाने येण्याआधी इथं काय होतं? शेतं होती, पवना आणि इंद्रायणी या नद्या होत्या, आणि सण तर होतेच. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. भाद्रपदात आणि माघात इथून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. पलीकडे देहूला तुकोबा आणि आळंदीला ज्ञानोबा. म्हणजे दोन्ही बाजूंनी संतांचा शेजार!

मग १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन आपल्या देशातच बनावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली होती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को, बजाज ऑटो असे मोठे कारखाने आले आणि त्यांना लागणारे सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणचं माळरानही भरलं. २००९ साली तिथं फोक्सवॅगनच्या मोटारी बनू लागल्या.

कारखान्यांना माणसं लागतात. ती आली मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून, केरळातून, बंगालमधून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. प्रत्येकानं येताना ट्रंकेत कपडे आणले, आणि डोक्यात आपापला सण!

पिंपरी कॅम्पात तर कारखान्यांच्याही आधी, १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं वसली होती. आपला पाडवा झाला की लगोलग त्यांचा चेटीचंड येतो. झुलेलालांच्या नावानं कणकेचा दिवा लावून वाजतगाजत नदीवर नेतात. आई कापडखरेदीला कॅम्पात जायची, त्या दुकानातल्या आजी आम्हाला गोड पिवळा भात द्यायच्या. आमच्या चाळीत ओणमला एका दारापुढे फुलांची रांगोळी दिसायची. चौदा एप्रिलला रात्री उशिरापर्यंत निळे झेंडे घेऊन मिरवणुका चालायच्या. आणि २५ डिसेंबरला चर्चमध्ये घंटा वाजत असताना देहूरोडच्या बुद्धविहाराकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं निघालेली असायची. १९५४ साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथं बसवली, त्याची ती आठवण.

पण आमचा सगळ्यात लाडका दिवस होता पालखीचा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते. गाव सोडलं की तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. तिथं अभंग-आरती होते आणि मगच पुढची वाट. दुसरा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. तिथून निघून पालखी चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्याला जाते. रस्ता तोच, जुना मुंबई-पुणे महामार्ग! एरवी ज्या रस्त्यावर ट्रकशिवाय काही दिसायचं नाही, त्यावर त्या दिवशी टाळ आणि तुळशीवृंदावनं. कारखान्यांच्या फाटकांशी चहाच्या टाक्या मांडलेल्या असायच्या. निळ्या गणवेशातले कामगार वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळून द्यायचे. एकदा बाबांच्या हातात एका वारकरी आजोबांचा पाय होता. आजोबा म्हणाले, "बाळा, हात लई रं कडक तुझं." बाबा हसून म्हणाले, "भट्टीवर असतो ना, माउली!"

चार सुट्या कोणत्या?

सण इतके, पण सुट्या किती? मित्रांनो, सुटी काही आभाळातून पडत नाही. ती मागावी लागते, ठरवावी लागते, कधी भांडूनही मिळवावी लागते.

१ मे हा दिवसच पाहा ना. १९६० साली या दिवशी संयुक्त महाराष्ट्र झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण हा कामगार दिनही आहे. १८८६ साली या तारखेला अमेरिकेतल्या कामगारांनी "दिवसाला आठच तास काम" म्हणून संप केला. शिकागोमध्ये त्यावरून मोठा रक्तपात झाला. आपल्याकडे पहिला कामगार दिन १९२३ साली मद्रासला झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत होते. त्या काळातल्या प्रयत्नांतून १९४६ साली कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. बाबांच्या 'प', 'दु' आणि 'रा' या आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांमागे एवढा इतिहास आहे!

महाराष्ट्रात दुकानं आणि कार्यालयांसाठी २०१७ साली एक कायदा झाला. ठरावीक संख्येइतकी किंवा त्याहून जास्त माणसं जिथं कामाला असतील, तिथं त्यानुसार सणांच्या आठ भरपगारी सुट्या द्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. कारखान्यांतही सणांच्या सुट्यांची यादी अशीच बोलणी करून ठरते.

आता तुम्हीच बसा यादी करायला! पाडवा, गणेशचतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन. झाल्या चार. मग ईद? नाताळ? ओणम? छठ? चाकणच्या आसपासच्या गावांत भाद्रपदी अमावस्येला बैलपोळा असतो, तो? ज्याचा सण यादीत बसला नाही, त्याला रजेचा अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर होईलच असं नाही.

बाबांची भट्टी

आमच्या भागाचा स्वतःचा असा सण कोणता विचाराल, तर मी खंडेनवमी सांगेन. आश्विन शुद्ध नवमी, दसऱ्याचा आदला दिवस. खंडा म्हणजे तलवार. पूर्वी या दिवशी शस्त्रांची पूजा व्हायची. कारखान्यात शस्त्रं कुठली? तिथं पूजा अवजारांची आणि यंत्रांची! पूर्वेकडून आलेले कामगार अशीच पूजा सप्टेंबरच्या मध्यावर, बहुधा १७ तारखेला, विश्वकर्म्याच्या नावानं करतात.

मी पाचवीत असताना बाबा मला आणि दादाला खंडेनवमीला कारखान्यात घेऊन गेले. त्या एका दिवशी कामगारांच्या मुलांना आत सोडायचे. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून फरशी घासली होती, यंत्रं पुसून लख्ख केली होती. प्रत्येक लेथला झेंडूचं तोरण, ड्रिलिंग मशीनला ऊस बांधलेला, पाटावर पाने, हातोडे, मायक्रोमीटर मांडलेले. त्यांच्यावर हळदकुंकू. मी शाळेत पाटीवर सरस्वती काढून पूजा करायची, तशीच ही बाबांची पाटी!

आरती झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. आणि मग मला एकदम जाणवलं, की इथं किती शांत आहे. आमच्या घरापर्यंत ऐकू येणारा तो घणघणाट थांबला होता. भोंगासुद्धा वाजला नव्हता. फक्त एका कोपऱ्यातून घूं घूं असा आवाज येत होता. तिथं बाबांची भट्टी होती. दाराच्या फटीतून नारिंगी उजेड दिसत होता आणि दहा पावलांवरूनच तोंडावर झळ लागत होती.

"बाबा, सगळ्यांना सुटी, मग हिला का नाही?" मी विचारलं.

बाबांनी एक दातेरी चाक माझ्या हातात दिलं. हे ट्रकमध्ये बसतं, म्हणाले. नुसतं कडक केलं, तर ते काचेसारखं तडकेल. मऊ ठेवलं, तर झिजेल. म्हणून भट्टीत ते ९०० अंशांच्या आसपास तापवायचं, मग तेलात विझवायचं. असं ते बाहेरून कडक होतं आणि आतून चिवट राहतं. "आणि भट्टी एकदा गार पडली, की आतल्या विटांना तडे जातात. पुन्हा तापवायला कितीतरी तास मोडतात. म्हणून सुटीच्या दिवशीही कुणीतरी तिच्याजवळ थांबायचं असतं."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते तीन आठवड्यांनी मिळालं.

फाटकावरची दिवाळी

लक्ष्मीपूजनाच्या चौकोनात आईनं 'दु' लिहिलं होतं. म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. ज्या दिवसाची आम्ही वर्षभर वाट पाहिली, नेमका तोच! मी रुसले. नवा फ्रॉक घालणार नाही, फुलबाजी लावणार नाही, असं जाहीर करून टाकलं. बाबा डबा घेऊन निघाले, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

आई काही बोलली नाही. तिन्हीसांजेला पूजा उरकून तिनं फराळाचे दोन डबे भरले. आम्हा दोघांना घेऊन चालत कारखान्याच्या फाटकाशी गेली. वॉचमनकाकांनी आत निरोप धाडला. पाचेक मिनिटांत बाबा आले, घामानं भिजलेले, कपाळावर काजळी. फाटकाशीच उभ्या उभ्या त्यांनी एक करंजी खाल्ली. मला म्हणाले, "फ्रॉक छान दिसतोय." (आईनं तो मला घालायला लावलाच होता!) मी म्हटलं, "बाबा, पुढच्या वर्षी?" ते म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची तरी पाळी. त्याची मुलं रुसतील मग." दहा मिनिटांत ते परत गेले.

दुसरा डबा आईनं वॉचमनकाकांना दिला. ते बिहारचे. म्हणाले, "ताई, आमचा मोठा सण अजून सहा दिवसांनी. छठ."

"मग त्या दिवशी तुम्हाला सुटी?" मी विचारलं.

काका हसले. "मागितलीय बेटा. बघू." सुटी मिळाली की नाही, ते मला कधीच कळलं नाही. पण घरी येऊन मी फुलबाजी लावली.

मोशीचा घाट

गोष्ट संपली. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "छठ कधी आहे गं या वर्षी?"

नशिबानं तो जायच्या आधीच होती. आम्ही पहाटे अंधारातच मोशीला इंद्रायणीच्या घाटावर पोचलो. आदल्या संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य देऊन झालं होतं. आता उगवत्याची वाट पाहायची होती. घाटावर उसाची खोपटं, सुपांमध्ये केळी आणि ठेकुआ, म्हणजे गुळाच्या खमंग पुऱ्या, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाया. छत्तीस तास पाणीसुद्धा न पिता! पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. भाच्यानं विचारलं, "हा कसला?" मी खरं ते सांगितलं. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण नदीत येते, त्याचा. आम्हाला काही अभिमानानं सांगता येईल अशी ती गोष्ट नाही.

आमच्या शेजारी एक तरुण उभा होता. अंगात कंपनीचा गणवेश, पायात जाडजूड सेफ्टी शूज. चाकणला एका कारखान्यात कामाला होता. भाच्यानं त्याला धीर करून विचारलं, "दादा, तुम्हाला आज सुटी आहे?"

"नाही रे. रात्रपाळी करून थेट इकडे आलो. आई पाण्यात उभी आहे ना."

सूर्य वर आला. त्या दादानं आईला हात देऊन बाहेर काढलं, आणि त्या माउलीनं सगळ्यात आधी आमच्या हातावर ठेकुआ ठेवला.

परतताना बसमध्ये भाचा म्हणाला, "मावशी, फोन दे." साताऱ्याला लावला. त्याची आई नुकतीच रात्रपाळी करून घरी आली होती. "आई, तू झोपायला चाललीस? मग मी कुजबुजतच बोलतो," तो म्हणाला, आणि खरोखरच दबक्या आवाजात त्यानं तिला छठची सगळी हकिकत सांगितली. ठेकुआचा अर्धा तुकडा कागदात बांधून त्यानं तिच्यासाठी खिशात ठेवला होता.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कॅलेंडरवरही एक पेन्सिल बांधून ठेवा. येत्या सणाला आपल्या ओळखीचं कोण कामावर आहे, ते त्या चौकोनात लिहा. बसचे कंडक्टर असतील, दवाखान्यातल्या ताई असतील, सोसायटीचे वॉचमनकाका असतील. आणि फराळाचा एक डबा जास्तीचा भरा. आईला सांगा, मी सांगितलंय म्हणून!